वडिलांचा अबोला, चालू असलेल्या गोळ्या आणि फ्रॉईड: सोलापूरच्या एका मैत्रिणीला

पत्र (ओळख पटेल असं सगळं काढून, थोडक्यात):

"ताई, मी ३६ वर्षांची. पूर्व भागात वाढले, आता जुळे सोलापुरात राहते, एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. मी पहिलीत होते तेव्हा वडिलांची गिरणी बंद पडली. त्यानंतर ते घरात बसून असायचे आणि दिवस दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. आई विड्या वळून घर चालवायची. वडील आता नाहीत. मागच्या वर्षी मला डिप्रेशन निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झोप-भूक परत आली, कामावर जायला लागले. इथल्याच एका काउन्सेलर मॅडमकडे सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या थेरपीचे, आठ सेशन पण केले, त्यांनी दिलेले सगळे तक्ते मी सुवाच्य अक्षरात भरून न्यायचे, मॅडम नाराज व्हायला नकोत म्हणून. त्याचाही फायदा झाला. पण एक गोष्ट जातच नाही. नवरा दुकानातून येऊन गप्प बसला, किंवा आमचे साहेब सकाळी नीट बोलले नाहीत, की माझ्या पोटात गोळा येतो. माझंच काहीतरी चुकलं असं वाटतं, मग मी पुढे पुढे करते, सॉरी म्हणते, दुसऱ्याची कामं अंगावर घेते, आणि आठ दिवसांनी एकदम पोरावर फुटते, मग दोन दिवस अंथरुणात. पुण्याची मामेबहीण म्हणते सायकोअ‍ॅनालिटिक थेरपी घे, ऑनलाइन होते, सेशनला १२०० रुपये. यूट्यूबवर ऐकलं की फ्रॉईडला आता कुणी विचारत नाही. नवरा म्हणतो गेलेल्या माणसाच्या चुका काढायला महिन्याला पाच हजार कशाला. आणि खरं सांगायचं तर वडिलांबद्दल परक्यापुढे बोलणं मलाही पाप वाटतं. घेऊ का ही थेरपी? घेतली तर गोळ्या बंद करता येतील का?"

अगं, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं वाचेपर्यंत तू काहीतरी करून बसशील अशी भीती वाटते. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. थेरपी सुरू केली म्हणून नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबात नाही. एकदम बंद केल्या की गरगरणं, डोक्यात झिणझिण्या, चिडचिड, झोप उडणं हे होऊ शकतं, आणि बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने तरी त्या चालू ठेवतात ते दुखणं उलटू नये म्हणूनच. कधी आणि कशा कमी करायच्या ते तुझे डॉक्टर ठरवतील. थेरपीबद्दल माझं मत आहे की घे. पण डोळे उघडे ठेवून घे, आणि का घेतेयस ते स्वतःला माहीत असू दे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनतीनदा वाचलं. मॅडम नाराज व्हायला नकोत म्हणून तक्ते सुवाच्य अक्षरात भरायचे. तू ते असंच सहज लिहून पुढे गेलीस पण तुझा सगळा त्रास त्या वाक्यात बसलाय गं. ज्या ठिकाणी तू मदत मागायला गेलीस तिथेही पहिलं काम काय केलंस, तर समोरच्या बाईचा मूड सांभाळलास. सीबीटी वाईट नाही, मॅडमही चुकल्या नाहीत, झोप आणि रोजचे उलटसुलट विचार यासाठी ते चांगलं औषध आहे आणि तुला लागूही पडलं. पण तू इतकी शहाणी पेशंट होतीस की जो त्रास दाखवायचा होता तोच तुझ्या सुवाच्य अक्षराखाली झाकला गेला असणार, आठ सेशनमध्ये तो वर यायला जागाच मिळाली नसेल. सायकोअ‍ॅनालिटिक थेरपी कशासाठी असते असं मला एका ओळीत कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की माणूस ज्या गोष्टीपायी त्रस्त आहे तीच गोष्ट तो थेरपीच्या खोलीतही करणार, आणि ती होऊ द्यायची, दोघांनी मिळून बघायची, बोलायची, घाई न करता.

आता तो यूट्यूबवाला. तो अर्धं खरं बोलतोय. फ्रॉईड व्हिएन्नाचा डॉक्टर, मनोविश्लेषण म्हणजे सायकोअ‍ॅनालिसिस सुरू केलं ते त्यानेच, १८५६ ते १९३९ त्याचा काळ, आणि त्याने लिहिलेलं बरंच काही आज कुणी जसंच्या तसं मानत नाही, बायकांबद्दलच्या त्याच्या कल्पना तर मानूच नयेत. आठवड्यातून चारपाच दिवस कोचावर आडवं पडायचं, डॉक्टर डोक्यामागे बसणार, वर्षानुवर्षं चालणार, असलं पूर्ण मनोविश्लेषण जगात आज फार थोडे लोक घेतात. तुझी मामेबहीण बहुतेक ज्याबद्दल बोलतेय ते त्याचं आजचं रूप, सायकोडायनॅमिक थेरपी म्हणतात, आठवड्यातून एकदा, समोरासमोर किंवा स्क्रीनवर, पाऊण-एक तास. मूळ गोष्टी मात्र त्याच राहिल्यात, की आपण का वागतो हे आपल्याला पूर्ण माहीत नसतं, लहानपणी नात्यांमध्ये जे शिकलो ते मोठेपणी नव्या माणसांवर लावत बसतो, आणि दुखरं आठवायची वेळ आली की मन विषय बदलतं. यातलं काय जुनं झालं मला सांग.

आणि एक गंमत वाटावी असा इतिहास आहे. सीबीटी ज्यांनी उभी केली ते आरॉन बेक आधी मनोविश्लेषकच होते. आपल्याकडे महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणजे आरईबीटी घरोघरी माहितीये ती कि. मो. फडके यांच्यामुळे, त्यांनी ती मूळ काढणाऱ्या अल्बर्ट एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती पद्धत मराठीत रुजवली, तर तो एलिससुद्धा मनोविश्लेषणाचं शिक्षण घेऊन, त्याला कंटाळून, १९५५ च्या सुमारास बाहेर पडलेला. म्हणून मराठी वाचकाला 'विचार बदला, भावना बदलेल' हे पाठ आहे आणि फ्रॉईड म्हटलं की फक्त स्वप्नं आणि लैंगिकता आठवते, मधलं सगळं आपल्यापर्यंत आलंच नाही. बंगालात तसं झालं नाही, कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉईडला पत्रं लिहून त्याच्याशी वाद घातले, की तुमचं सगळंच आमच्या लोकांना लागू होत नाही. म्हणजे ही काय काल-परवा पुण्यातून आलेली फॅशन नाही, शंभर वर्षं होऊन गेली आपल्या देशात येऊन.

पुराव्याचं म्हणशील तर आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकने एक अभ्यास केला, २०१५ मध्ये छापून आला, १२९ माणसं, सगळी अशी की बाकीचे उपचार करूनही डिप्रेशन हटत नव्हतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार चालू ठेवले, निम्म्यांना त्याशिवाय दीड वर्ष आठवड्याला एक सायकोअ‍ॅनालिटिक सेशन. दीड वर्ष संपलं तेव्हा दोन्हीत मोठा फरक दिसला नाही. पण थेरपी थांबून दोन वर्षं झाल्यावर पुन्हा तपासलं तर थेरपीवाल्यांपैकी ४४ टक्के लोक मेजर डिप्रेशनच्या निकषाबाहेर आलेले होते, दुसऱ्या गटात १० टक्के. पूर्ण ठणठणीत झालेले दोन्हीकडे थोडेच, हेही लगेच सांगते, नाहीतर तू जादू समजशील. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की फायदा उशिरा दिसला, थेरपी बंद झाल्यावर वाढत गेला. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्य मार्गदर्शक सूचनांमध्येही डिप्रेशनसाठी कमी मुदतीची सायकोडायनॅमिक थेरपी एक पर्याय म्हणून आहे, पहिला पर्याय म्हणून नाही, पण आहे.

कुठे चालत नाही तेही ऐक, कारण या थेरपीच्या प्रेमात पडलेल्या लोकांनी पूर्वी फार नुकसान केलंय. हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा बघणं असलं ओसीडी असेल तर त्याला वेगळी, सरावाची थेरपी आणि औषधं लागतात, तिथे लहानपण खणत बसून उपयोग नाही. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियात औषधं हाच पाया, त्यावर मग आधाराची थेरपी. जीव द्यायचे विचार येत असतील तेव्हा तर आधी माणूस वाचवायचा. १९७९ मध्ये अमेरिकेत राफेल ओशेरॉफ नावाचे एक किडनीचे डॉक्टर तीव्र डिप्रेशन घेऊन चेस्टनट लॉज नावाच्या, मनोविश्लेषणासाठी गाजलेल्या हॉस्पिटलात भरती झाले. सात महिने नुसतं बोलणं, डिप्रेशनची गोळी नाही, माणूस वाळत गेला, नुसत्या येरझाऱ्या घालायचा. घरच्यांनी शेवटी दुसरीकडे हलवलं, तिथे औषधं सुरू झाली आणि तीनेक महिन्यांत बरे होऊन घरी आले. त्यांनी नंतर केस केली, ती कोर्टाबाहेर मिटली, पण त्या एका केसने अमेरिकेतल्या मानसोपचाराचं डोकं ठिकाणावर आणलं. आणि त्याच्या आधीच्या काळात मूल ऑटिस्टिक आहे म्हणजे आई थंड असणार असं सांगून कितीतरी आयांना आयुष्यभराचा अपराधीपणा देऊन ठेवला, तो शुद्ध अन्याय होता, शास्त्र नव्हतं. म्हणून मी गोळ्यांचं पहिल्या परिच्छेदात लिहिलं. औषध की थेरपी हा वादच चुकीचा, तुझ्या बाबतीत औषधाने तुला उभं केलंय, आणि उभी राहिलीस म्हणूनच हा प्रश्न तू विचारू शकलीस ना.

बरं, आता त्या खोलीत काय होतं ते सांगते, कारण तुझ्यासाठी तेच अवघड जाणार आहे. थेरपिस्ट कमी बोलतो. विचारतो काय मनात येतंय, आणि थांबतो. तक्ता नाही, होमवर्क नाही, शाबास नाही. तुला ती शांतता खायला उठेल. पोटात तोच गोळा येईल, वाटेल यांना आपला कंटाळा आला, मग तू चटकन काहीतरी इंटरेस्टिंग सांगायला जाशील, किंवा "मॅडम तुम्ही दमला असाल, आज लवकर संपवूया" म्हणशील, किंवा पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या हाती शेंगा चटणी पाठवशील. चांगला थेरपिस्ट तेव्हा हसून विषय बदलणार नाही, तो विचारेल की मी गप्प झाले तेव्हा तुमच्या मनात काय आलं. आणि तिथे, त्या मिनिटाला, नवरा नाही, साहेब नाही, वडील नाहीत, तरी तेच सगळं चालू आहे हे तुला दिसेल. याला ते लोक ट्रान्सफरन्स म्हणतात. पुस्तकात वाचून यातलं काही होत नाही, मी पण तुला हे लिहून सांगतेय त्याने तुझ्या पोटातला गोळा जाणार नाही, तो तिथे बसून, येऊ देऊन, पळून न जाता, आणि समोरचं माणूस रागावलं नाही हे पुन्हा पुन्हा अनुभवूनच जातो. एकदा नाही, कितीतरी वेळा. म्हणून वेळ लागतो.

कधीतरी तुला थेरपिस्टचाच राग येईल. ती सुट्टीवर गेली म्हणून, किंवा तू इतकं रडलीस आणि तिने पन्नास मिनिटं झाली म्हणून सेशन संपवलं म्हणून. नेहमीच्या सवयीने तू तो गिळशील आणि दुसऱ्या दिवशी पोरगं दूध सांडलं म्हणून मार खाईल. तर तो राग तिथेच सांगायचा. "तुमचा राग आला मला" हे वाक्य तू आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला तोंडावर बोलली आहेस का? मला वाटतं नसशील. ते एकदा बोलून, आभाळ कोसळलं नाही हे बघणं, मी तर म्हणेन यासाठीच १२०० रुपये द्यायचे.

वडिलांचं. यावर जरा थांबते.

तू लिहिलंस पाप वाटतं. ते वाटणारच, आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं आणि ते संस्कार वाईट नाहीत. पण थेरपीत वडिलांवर खटला चालवत नाहीत गं. सहा-सात वर्षांची पोर घरात आहे, बाप भिंतीला टेकून बसलाय, बोलत नाही, जेवायला हाक मारली तरी बघत नाही. त्या पोरीला गिरणी म्हणजे काय, देणी म्हणजे काय, युनियन, कोर्ट, मालक यातलं काही कळत नाही. लहान मुलाला घरातल्या सगळ्या गोष्टींचं कारण आपणच वाटतो. मग ती ठरवते की मी काहीतरी केलंय म्हणून हे बोलत नाहीत, आणि मी शहाण्यासारखी वागले, पाणी आणून दिलं, अभ्यास सुवाच्य केला तर बोलतील. आणि कधीतरी एखाद्या दिवशी वडील खरंच बोलले असतील, डोक्यावरून हात फिरवला असेल, की झालं, ते गणित पक्कं बसलं. तीस वर्षांनी नवरा दुकानातून दमून येऊन गप्प बसतो तेव्हा ती पोर उठून पाणी आणायला पळते. तुझ्या नवऱ्याचा त्यात काही दोष नाही, आणि खरं बघितलं तर वडिलांचाही दोष काढायची गरज पडत नाही.

उलट मला वाटतं, तू हे बोलायला लागलीस की वडील तुला पहिल्यांदा नीट दिसतील. मला डॉक्टरी करायची नाही, मी त्यांना बघितलेलं नाही, पण कामावरून रातोरात घरी बसवलेला, घर बायकोच्या विड्यांवर चाललेला, दिवस दिवस न बोलणारा माणूस, त्याला स्वतःलाच डिप्रेशन नसेल कशावरून? त्या वेळी सोलापुरात गिरणी कामगाराला कोण मानसोपचाराला नेणार होतं. या शहरात एका मागोमाग एक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, आणि पूर्व भागात कितीतरी घरांमध्ये असाच एकेक बाप भिंतीला टेकून बसलेला होता. आणि म्हणून थेरपिस्ट निवडताना हे बघच. जी बाई किंवा जो माणूस तुझं सगळं दुखणं आईबापाच्या स्वभावात शोधेल आणि गिरणी बंद पडणं ही फक्त एक 'बॅकग्राउंड' म्हणून सोडून देईल त्याच्याकडे थांबू नकोस. पगार थांबणं ही घरातल्या मनाची गोष्ट नाही, ती बाहेर घडलेली गोष्ट आहे जी घरात शिरली. मनोविश्लेषणावर ही टीका जुनी आहे की ते घराच्या उंबऱ्याबाहेर बघत नाही, आणि ती टीका मला पटते. सुधीर काकर, आपल्या देशातले फार मोठे मनोविश्लेषक, २०२४ मध्ये गेले, त्यांनी आयुष्यभर हेच मांडलं की इथला माणूस एकटा सुटा नसतो, त्याचा 'मी' घरात, जातीत, नात्यागोत्यात गुंतलेला असतो, युरोपातली मापं इथे तशीच लावता येत नाहीत.

अजून एक विचारायचं होतं तुला. पूर्व भागात तेलुगू घरं बरीच, म्हणजे तुझ्याही घरात तेलुगू असेल का? तुझ्या मराठीवरून कळत नाही पण अंदाज करतेय. असेल तर वडिलांचं तुटक बोलणं, आईचं रागावणं सगळं तेलुगूत झालेलं असणार, आणि पुण्याच्या थेरपिस्टला तेलुगू येत नसणार. त्याने अडत नाही. ती वाक्यं जशीच्या तशी तेलुगूतच म्हण, मग मराठीत सांग. बऱ्याच जणांना मराठीत सांगताना काही होत नाही आणि मूळ बोलीतलं एक वाक्य तोंडातून निघालं की रडू फुटतं. आणि तेलुगू येणारा कुणी मिळाला तर अजून बरं, हैदराबादकडचं कुणी ऑनलाइन मिळू शकतं, विचारून बघ.

नवऱ्याला काय सांगायचं. चुका काढायला जात नाहीये एवढं सांगून भागणार नाही, त्यांना त्यांच्याच फायद्याचं सांग. सांग की तुम्ही दमून गप्प बसता तेव्हा मला वाटतं तुम्ही माझ्यावर चिडलाय, आणि मग आठवड्याने घरात जो स्फोट होतो तो तुम्हीही बघता, मला तो थांबवायचाय. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून आलेल्या माणसाला घरी गप्प बसायचा हक्क आहे, आणि बायकोने त्याचा भलता अर्थ लावू नये असं त्यांनाही वाटत असेलच की. हे बोलणं जेवताना नको, सुट्टीच्या दिवशी बाहेर कुठे चालायला वगैरे जाल तेव्हा बोल.

पैसे. महिन्याला चार-पाच हजार टॉवेल कारखान्यातल्या पगारात थोडे नाहीत, मला त्याची कल्पना आहे. पहिल्याच फोनला विचार की फी कमी होते का, बरेच थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि तुला विचारणं जड जाईल म्हणूनच विचार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावलंय, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देतात, सेशनचे पैसे मिळतील या आशेवर राहू नकोस. नाहीच परवडलं तर आपल्या सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारून बघ, तिथे सायकोडायनॅमिक थेरपी मिळेलच असं नाही पण बोलणारं माणूस मिळू शकतं. इथे माझं एक मत आहे ते लिहूनच टाकते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आपल्या देशात बहुतेक मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात सरकारने पहिला रुपया दीर्घ थेरपीवर घालावा असं मी म्हणणार नाही, आधी गोळ्या, आधी तालुक्याला डॉक्टर. पण म्हणून गरिबाला फक्त गोळी आणि पैसेवाल्याला ऐकणारं माणूस, हे कायमचं मान्य करायचं का? ओपीडीत मिळणाऱ्या चार मिनिटांत डॉक्टर झोप, भूक, जीव द्यायचे विचार एवढं विचारू शकतो, वडील का बोलायचे नाहीत हे नाही विचारू शकत. ते विचारणारं कुणीतरी यंत्रणेत हवं. या थेरपीची आजच्या काळातली जागा मला तरी तीच वाटते.

कुणाकडे जायचं हे नीट बघ, कारण आपल्याकडे आठवड्याचा ऑनलाइन कोर्स करून बोर्ड लावणारे भरपूर झालेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी विचार, नंबर देतात, लपवत नाहीत. मग विचार की सायकोडायनॅमिकचं शिक्षण कुठे झालं, स्वतः थेरपी घेतलीय का, आणि स्वतःच्या केसेसवर कुणा सीनियरशी चर्चा करता का. हे तिन्ही प्रश्न या क्षेत्रात अगदी सर्रास विचारतात, कुणी रागावलं तर तिथे जाऊच नकोस. सुट्टी घेतली तर पैसे लागणार का, अडचण आली तर फोन करायचा की नाही, हेही आधीच बोलून घे. गोळ्या सोडा म्हणणारा, पहिल्याच दिवशी 'हे सगळं तुमच्या आईमुळे' म्हणणारा, रात्रीबेरात्री व्हॉट्सअ‍ॅपवर गप्पा मारणारा, अंगाला हात लावणारा, अमुक महिन्यात बरी करतो अशी गॅरंटी देणारा, यातलं एक जरी दिसलं तर बंद.

ऑनलाइन घेणार तर जागेचा प्रश्न येणार, दोन खोल्यांच्या घरात सासूबाई बाहेर बसलेल्या असताना कोण मनातलं बोलणार. उन्हाळ्यात गच्चीवर तर जमायचंच नाही. कारखान्यातल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अजिबात नको, डोळे सुजवून परत हिशोबाला बसायचं का. बहीण किंवा मैत्रीण असेल जवळपास तर तिच्या घरातली एक खोली आठवड्याला तासभर मागून घे, इअरफोन लाव, आणि संपल्यावर निदान पंधरा मिनिटं तिथेच बस, लगेच गाडी काढून सिग्नलला येऊ नकोस.

पहिले चार सेशन नुसते बघायला म्हणून घे, जमतंय का हे तूही बघ आणि तिलाही बघू दे. मग पाच-सहा महिन्यांनी दोघींनी बसून विचार करा की काय बदललं. रडू कमी झालं का हे माप लावू नकोस, सुरुवातीला उलट जास्त येईल, जुनं वर येतं तेव्हा झोपही बिघडू शकते, आणि ते तुझ्या गोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं, थेरपी घेतेयस हे त्यांना माहीत असलंच पाहिजे. माप हे लाव की साहेब सकाळी बोलले नाहीत तरी तू तुझी एन्ट्री पूर्ण केलीस का. नवरा गप्प जेवत असताना तू तुझं ताट नीट संपवलंस का. सॉरी म्हणायच्या आधी एक सेकंद थांबलीस का. आणि मधे कधी जगणं नको वाटलं तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात, आणि सिव्हिलची कॅज्युअल्टी आहेच.

सहा महिन्यांनी वाटलं की हे आपल्यासाठी नाही, तर सोड, त्यात काही कमीपणा नाही, परत आरईबीटीकडे जा, एखाद्या गटात जा, वेगळा थेरपिस्ट बघ. फक्त फोन उचलणं बंद करून सोडू नकोस. "मला थांबायचंय" हे तिच्या तोंडावर सांग, का ते सांग, ती नाराज झाल्यासारखी वाटली तरी सांग, आणि त्यानंतर ठरवून अजून दोन सेशन घेऊन मग थांब.